नॉर्मल रँडम संख्या कशा काढायच्या: बारा आकड्यांच्या बेरजेपासून झिगुरातपर्यंत

कोणतीही प्रोग्रॅमिंग भाषा घ्या, शून्य ते एक यांच्यामधला रँडम आकडा देणारं फंक्शन तिच्यात असतंच. त्या पट्ट्यातली कुठलीही जागा घ्या, तिथला आकडा येण्याची शक्यता सारखीच. पण मोजमापातली चूक, सिग्नलमधला गोंगाट, न्यूरल नेटवर्कची सुरुवातीची वजनं असं काही सिम्युलेशनमध्ये आणायचं म्हटलं की सपाट वाटणी उपयोगाची नसते. तिथे घंटेच्या आकाराचा वक्र लागतो: मधल्या किमती भरपूर, कडेच्या कमी, फार लांबच्या क्वचित. पाठ्यपुस्तकं याला प्रसामान्य वितरण म्हणतात. रोजच्या बोलण्यात आपण नॉर्मलच म्हणतो, मीही तेच म्हणणार आहे.

सपाट आकड्यांपासून नॉर्मल आकडे कसे करायचे, ते वेगाने कसे करायचे आणि ते बरोबर आहेत हे कसं ओळखायचं, ते इथे पायरीपायरीने सांगतो. माझा सगळा भर एकाच जागेवर असेल: वक्राच्या शेपटीवर. चुकीची पद्धतसुद्धा मधल्या भागात हुबेहूब नॉर्मल दिसते. हिस्टोग्राम काढला तर डोळ्यांना फरक कळत नाही. फरक असतो तो तीन, चार, पाच सिग्मांच्या (सिग्मा म्हणजे प्रमाण विचलन, पसाऱ्याचं माप) पलीकडे. आणि सिम्युलेशन आपण बहुतेक वेळा त्या दुर्मिळ घटनांसाठीच करत असतो.

पायरी १: आधी तयार काय आहे ते बघा

स्वतः लिहायला बसण्याआधी तुमच्या भाषेची लायब्ररी आत काय करते ते वाचून घ्या. पायथनच्या नमपाय या लायब्ररीचा नवा जनरेटर (१.१७ आवृत्तीपासूनचा) झिगुरात वापरतो, जुना ध्रुवीय पद्धत वापरत असे. जावाच्या जुन्या रँडम क्लासमध्ये ध्रुवीय पद्धत आहे. जावा १७ मध्ये आलेल्या नव्या इंटरफेसमध्ये झिगुरातचा सुधारित अवतार आहे. ज्युलियात झिगुरात आहे. आर भाषा काही सांगितलं नाही तर व्यस्त फंक्शनच्या वाटेने जाते. पायथनच्या मूळ रँडम मॉड्यूलमधलं गॉस हे फंक्शन बॉक्स-म्युलर वापरतं. या नावांचा अर्थ पुढे येईलच.

सी प्लस प्लसमध्ये एक गोष्ट लक्षात ठेवा. नॉर्मल वितरणाचा क्लास भाषेच्या मानकात आहे, पण आतली पद्धत कोणती असावी हे मानक सांगत नाही. त्यामुळे तोच सीड (माळ सुरू करणारा आकडा) दिला तरी दोन कंपायलरांवर आकड्यांच्या दोन वेगळ्या माळा मिळू शकतात. सगळीकडे हुबेहूब तेच निकाल हवे असतील तर पद्धत स्वतःच लिहावी लागते, आणि हा लेख वाचण्याचं ते एक चांगलं कारण आहे.

बाकीच्यांना माझा सल्ला असा: लायब्ररीत चांगलं फंक्शन असेल तर तेच वापरा. नसेल तर ध्रुवीय पद्धत लिहा, ती दहा ओळींत होते. प्रोफायलरने (कोडमध्ये वेळ कुठे जातो ते मोजणाऱ्या साधनाने) बोट दाखवून सांगितलं की वेळ इथेच जातोय, तरच झिगुरातकडे वळा.

पायरी २: खालचा पाया तपासा

नॉर्मल आकडे सपाट आकड्यांतूनच येणार, म्हणजे पाया कच्चा असेल तर वरची पद्धत कितीही चांगली असून उपयोग नाही. मर्सेन ट्विस्टर, पीसीजी, झोशिरो या सपाट आकड्यांच्या जनरेटरांपैकी काहीही चालेल. जुन्या सी लायब्ररींतलं रँड हे फंक्शन मात्र टाळा. काही ठिकाणी त्याची कमाल किंमत फक्त ३२,७६७ असते, म्हणजे जेमतेम १५ बिट. याचा फटका कुठे बसतो ते बॉक्स-म्युलरच्या पायरीत दिसेल.

६४ बिटांच्या पूर्णांकातून शून्य ते एकमधला आकडा करण्याची सरळ रीत अशी: पूर्णांक उजवीकडे ११ बिट सरकवा, उरलेल्या ५३ बिटांच्या आकड्याला २ च्या ५३ व्या घाताने भागा. दुहेरी अचूकतेच्या दशांश संख्येत नेमके ५३ बिट मावतात, म्हणून हा आकडा. असं केल्यावर शून्य येऊ शकतो, एक कधीच येत नाही. पुढे त्या आकड्याचा लॉगरिदम घ्यायचा आहे आणि शून्याचा लॉगरिदम नसतो. म्हणून जिथे जिथे लॉग येईल तिथे रँडम() ऐवजी १ − रँडम() लिहा. मग शून्य येणार नाही, एक येईल, आणि एकचा लॉग शून्य असल्याने काही बिघडत नाही. ५३ बिटांत नेमका शून्य येणं फार दुर्मिळ आहे, त्यामुळे ही चूक चाचणीत सहसा सापडत नाही. ती सापडते अनेक दिवस चाललेल्या सिम्युलेशनमध्ये, जेव्हा एक अनंत किंमत शिरून सगळ्या सरासऱ्या बिघडवते.

पायरी ३: बारा आकड्यांची बेरीज समजून घ्या, आणि सोडून द्या

सगळ्यात सोपी रीत म्हणजे बारा सपाट आकडे घ्यायचे, त्यांची बेरीज करायची आणि ६ वजा करायचे. प्रत्येक आकड्याची सरासरी अर्धा, म्हणून बाराची बेरीज सरासरी ६. प्रत्येकाचं प्रचरण (प्रमाण विचलनाचा वर्ग) एक-बारांश, म्हणून बाराचं मिळून बरोबर १. केंद्रीय सीमा प्रमेयामुळे बेरजेचा आकार घंटेसारखा येतो. लॉग नको, वर्गमूळ नको, एका ओळीत काम.

सरासरी बरोबर, प्रचरण बरोबर, आलेख देखणा. आता शेपूट बघू. ही बेरीज ±६ च्या बाहेर जाऊच शकत नाही, हे तर उघड आहे. पण बिघाड त्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. बेरजेची शक्यता नेमक्या सूत्राने काढता येते, म्हणून इथे अंदाजाची गरज नाही. खऱ्या नॉर्मलमध्ये दहा लाखांपैकी सुमारे २,७०० आकडे ±३ च्या बाहेर असतात, बेरजेत सुमारे २,०१४. ±४ च्या बाहेर नॉर्मलमध्ये सुमारे ६३, बेरजेत सुमारे १७. ±५ च्या बाहेर जाण्याची बेरजेची शक्यता नॉर्मलच्या शंभराव्या भागाहूनही कमी आहे.

हा फरक मी प्रत्यक्ष अनुभवला आहे. गोंगाटातून खोटा इशारा किती वेळा वाजेल हे मोजायचं होतं आणि मर्यादा चार सिग्मांवर होती. खोटे इशारे अपेक्षेच्या जवळजवळ चौथ्या हिश्श्याएवढेच येत होते. इशाऱ्याचा कोड मी पुन्हा पुन्हा वाचला, त्यात काही सापडेना. चूक होती गोंगाट तयार करणाऱ्या एका ओळीत, आणि ती ओळ म्हणजे हीच बेरीज.

बेरीज हळूही आहे, कारण एका नॉर्मल आकड्यासाठी बारा सपाट आकडे खर्च होतात. खेळातल्या झाडाची पानं हलवायची असतील तर चालेल, गणित करायचं असेल तर नको.

पायरी ४: बॉक्स-म्युलर

जॉर्ज बॉक्स आणि मर्विन म्युलर यांनी १९५८ साली मांडलेली ही पद्धत आजही जिवंत आहे. कल्पना अशी: एकाऐवजी दोन नॉर्मल आकडे एकदम घ्या आणि त्यांना कागदावरचा एक बिंदू समजा, पहिला आडवा, दुसरा उभा. असे हजारो बिंदू काढले की मध्यभागी दाट आणि बाहेर विरळ होत जाणारा गोल ठिपका तयार होतो. गोल असल्यामुळे बिंदूचा कोन कुठलाही असू शकतो, सगळ्या दिशा सारख्या. म्हणजे कोन सपाट. राहिलं मध्यापासूनचं अंतर. त्या अंतराच्या वर्गाचं वितरण घातांकी निघतं, आणि घातांकी आकडा काढणं सोपं असतं: सपाट आकड्याचा लॉग घ्या, उणे दोनने गुणा.

    उ = १ − रँडम()
    व = रँडम()
    त्रिज्या = वर्गमूळ(−२ × लॉग(उ))
    कोन = २ × पाय × व
    पहिला = त्रिज्या × कोसाइन(कोन)
    दुसरा = त्रिज्या × साइन(कोन)

दोन सपाट आकडे आत, दोन स्वतंत्र नॉर्मल आकडे बाहेर. लॉग इथे नैसर्गिक पायाचा आहे. दहाच्या पायाचा घेतला तर आकडे घंटेसारखेच दिसतात, पण प्रमाण विचलन १ येत नाही. ही चूक पहिल्याच चाचणीत पकडली जाते, म्हणून फारशी धोक्याची नाही.

धोक्याची गोष्ट शेपटीत आहे. त्रिज्या किती मोठी होऊ शकते हे उ किती लहान होऊ शकतो यावर ठरतं. १५ बिटांचा आकडा वापरला तर उ ची सगळ्यात लहान किंमत ३२,७६८ पैकी एक, आणि त्रिज्या ४.५६ च्या पुढे जात नाही. ३२ बिट घेतले तर मर्यादा ६.६६. ५३ बिट घेतले तर ८.५७. अब्जभर आकडे काढणाऱ्या सिम्युलेशनमध्ये ±६ च्या बाहेर साधारण दोन आकडे पडायला हवेत, त्यामुळे १५ बिट अजिबात पुरत नाहीत. ३२ बिट मर्यादेच्या आत असले तरी शेवटच्या टोकाला आकडे तुटक पडतात: सगळ्यात मोठ्या त्रिज्येनंतरची त्रिज्या थेट ६.५६ असते, मधलं काहीच मिळत नाही. दुहेरी अचूकता वापरा आणि हा प्रश्न संपवा.

हेन्री नीव्ह यांनी १९७३ मध्ये दाखवलेला आणखी एक दोषही ध्यानात ठेवा. खालचा जनरेटर साध्या गुणाकार-आणि-बाकी प्रकारचा असेल तर लागोपाठच्या दोन आकड्यांत नातं असतं. बॉक्स-म्युलरमध्ये एकातून त्रिज्या आणि दुसऱ्यातून कोन निघतो, त्यामुळे ते नातं थेट शेपटीत उतरतं आणि काही भागांत आकडे पडतच नाहीत. पायरी २ मधले जनरेटर वापरले तर ही भीती नाही.

ही पद्धत जुनी असली तरी ग्राफिक्स कार्डावर आजही तिला मान आहे. तिथे अनेक थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) एकाच तालात चालतात. एका थ्रेडला पुन्हा प्रयत्न करावा लागला तर बाकीचे थांबून राहतात. बॉक्स-म्युलरमध्ये कुठेही पुन्हा प्रयत्न नाही. दर वेळी तेवढंच काम, त्यामुळे सगळे बरोबर पोचतात.

पायरी ५: ध्रुवीय पद्धत

जॉर्ज मार्साग्लिया यांच्या या युक्तीत साइन आणि कोसाइन लागत नाहीत. चौरसात रँडम बिंदू टाका. तो आतल्या वर्तुळात पडला तर ठेवा, बाहेर पडला तर टाकून द्या. वर्तुळातल्या बिंदूची दिशा आपोआप सपाट असते. कोन काढून त्याचा साइन घ्यायची गरजच उरत नाही, बिंदूला त्याच्या अंतराने भागलं की झालं. आणखी एक सुंदर गोष्ट अशी की बिंदूच्या अंतराचा वर्गही शून्य ते एक यांमध्ये सपाटच पडतो आणि दिशेवर अजिबात अवलंबून नसतो. म्हणजे लॉगसाठी लागणारा आकडा फुकट मिळतो.

    पुन्हा पुन्हा करा:
        अ = २ × रँडम() − १
        ब = २ × रँडम() − १
        स = अ × अ + ब × ब
    जोवर स ≥ १ आहे किंवा स = ० आहे
    ग = वर्गमूळ(−२ × लॉग(स) ÷ स)
    पहिला = अ × ग
    दुसरा = ब × ग

एक उदाहरण हाताने करून बघा, कोड लिहिल्यावर पडताळायला उपयोगी पडेल. समजा अ = ०.३ आणि ब = −०.५ आले. स = ०.०९ + ०.२५ = ०.३४, एकपेक्षा कमी, म्हणून ठेवला. लॉग(०.३४) = −१.०७८८. त्याला −२ ने गुणलं की २.१५७६, आणि ०.३४ ने भागलं की ६.३४५९. वर्गमूळ २.५१९१. म्हणून पहिला आकडा ०.७५६ आणि दुसरा −१.२६०. दोन्हींच्या वर्गांची बेरीज करा: ती २.१५८ च्या आसपास येते, म्हणजे मघाचाच −२ × लॉग(स). ही पडताळणी कोडमध्ये चाचणी म्हणून ठेवून द्या.

वर्तुळाचं क्षेत्रफळ चौरसाच्या ७८.५ टक्के असतं, म्हणून एका जोडीमागे सरासरी १.२७ प्रयत्न लागतात. साधारण पाचातला एक बिंदू वाया जातो, तरीही साइन-कोसाइनचा खर्च वाचल्यामुळे साध्या प्रोसेसरवर ही पद्धत बहुतेक वेळा बॉक्स-म्युलरच्या पुढे राहते.

आता यातला सापळा. दोन आकडे मिळतात, वापरणाऱ्याला एक हवा असतो. साहजिकच दुसरा साठवून ठेवायचा आणि पुढच्या हाकेला द्यायचा असं आपण करतो. ही साठवलेली किंमत दोन ठिकाणी त्रास देते. पहिलं, सीड बदलताना ती पुसायला विसरलं तर नव्या माळेचा पहिला आकडा जुन्या माळेतला येतो, आणि निकाल पुन्हा तसेच का येत नाहीत याचा शोध घेण्यात दिवस जातो. दुसरं, दोन थ्रेडांनी एकाच वेळी हाक मारली तर दोघांना तोच साठवलेला आकडा मिळू शकतो. पायथनच्या दस्तऐवजात गॉस फंक्शनबद्दल नेमका हाच इशारा लिहिलेला आहे. जावाने जुन्या क्लासमध्ये कुलूप लावून हे टाळलं, पण कुलपाचाही वेळ लागतो. स्वच्छ उपाय म्हणजे प्रत्येक थ्रेडला स्वतःचा जनरेटर द्या, किंवा एकेक आकडा मागण्याऐवजी अख्खा ॲरे एकदम भरा, दोन-दोनच्या उड्या मारत. मग साठवायचा प्रश्नच येत नाही.

पायरी ६: झिगुरात

मेसोपोटेमियातल्या पायऱ्यापायऱ्यांच्या मंदिरांना झिगुरात म्हणतात, त्यांच्या आकारावरून या पद्धतीला हे नाव पडलं. मार्साग्लिया आणि वाय वान त्सांग यांनी २००० साली तिचं आजचं रूप प्रसिद्ध केलं. नव्याने लिहिणारे सगळ्यात जास्त याच पद्धतीत चुकतात, म्हणून इथे जरा थांबून बघू.

उणे अर्धा गुणिले क्षवर्ग एवढ्या घाताचं ई, हा घंटेचा वक्र. त्याला फ(क्ष) म्हणू. त्याचा फक्त उजवा अर्धा भाग घ्या, चिन्ह शेवटी लावता येतं. हा भाग आडव्या थरांनी झाका, खालचा थर रुंद, वरचे अरुंद होत गेलेले, आणि अट अशी की प्रत्येक थराचं क्षेत्रफळ अगदी सारखं. सगळे थर सारखे असल्यामुळे थर निवडायला फक्त एक रँडम पूर्णांक पुरतो. थरात आडवी जागा निवडली की बहुतेक वेळा ती वरच्या, म्हणजे अरुंद थराच्या रुंदीच्याही आत येते, आणि तिथे वक्राखाली आहोत याची खात्री असते. लॉग नाही, वर्गमूळ नाही. एक गुणाकार, एक तुलना, काम संपलं. २५६ थर घेतले तर शंभरातल्या ९८ हून जास्त वेळा इथेच सुटका होते.

आधी तक्ते तयार करा. २५६ थरांसाठी सगळ्यात खालच्या थराची सीमा, तिला र म्हणू, ३.६५४१५२८८५३६१००८८ आहे. प्रत्येक थराचं क्षेत्रफळ, त्याला क्षे म्हणू, ०.००४९२८६७३२३३९९ आहे.

    रुंदी[१] = र
    उंची[१] = फ(र)
    रुंदी[०] = क्षे ÷ फ(र)
    थ = १ ते २५४ साठी:
        उंची[थ+१] = उंची[थ] + क्षे ÷ रुंदी[थ]
        रुंदी[थ+१] = वर्गमूळ(−२ × लॉग(उंची[थ+१]))
    रुंदी[२५६] = ०
    उंची[२५६] = १

पहिल्या किमती ताडून बघा: उंची[१] सुमारे ०.००१२६०, रुंदी[०] सुमारे ३.९१०८, उंची[२] सुमारे ०.००२६०९ आणि रुंदी[२] सुमारे ३.४४९३. सगळ्यात चांगली तपासणी शेवटी आहे. उंची[२५५] + क्षे ÷ रुंदी[२५५] काढलं की उत्तर १ च्या अगदी जवळ यायला हवं, कारण घंटेचा माथा तिथेच आहे. र चा एखादा अंक चुकीचा टाइप झाला असेल तर ही बेरीज एकवर बसत नाही आणि चूक लगेच कळते.

आता आकडा काढायची कृती:

    पुन्हा पुन्हा करा:
        बिट = नवा ६४ बिटांचा पूर्णांक
        थ = बिट मधले सर्वांत खालचे ८ बिट
        चिन्ह = त्याच्या पुढचा १ बिट
        उ = सर्वांत वरचे ५३ बिट, ० ते १ मध्ये आणलेले
        क्ष = उ × रुंदी[थ]
        जर क्ष < रुंदी[थ+१]: चिन्ह लावून क्ष परत द्या
        जर थ = ०: चिन्ह लावून शेपूट() परत द्या
        य = उंची[थ] + रँडम() × (उंची[थ+१] − उंची[थ])
        जर य < फ(क्ष): चिन्ह लावून क्ष परत द्या

खालच्या थराची गोष्ट वेगळी आहे. तो र पर्यंतचा आयत आणि र पासून अनंतापर्यंतची शेपूट मिळून बनलेला असतो. रुंदी[०] ही खरी रुंदी नसून हिशेबापुरती धरलेली आहे, दोन्ही भागांची वाटणी बरोबर व्हावी म्हणून. शेपटीत जायची वेळ साधारण चार हजार आकड्यांत एकदा येते आणि तिथे मार्साग्लियांचीच वेगळी रीत लागते:

    शेपूट():
        पुन्हा पुन्हा करा:
            प = −लॉग(१ − रँडम()) ÷ र
            क = −लॉग(१ − रँडम())
        जोवर २ × क < प × प आहे
        र + प परत द्या

इथे दोन लॉग लागतात, पण चार हजारांत एकदा लागणारं काम कितीही महाग असलं तरी सरासरीवर परिणाम होत नाही. वेळ वाचवण्याच्या नादात काही जण शेपूट गाळतात आणि र वरच थांबतात. त्यांचे आकडे ३.६५ च्या पुढे कधीच जात नाहीत. म्हणजे बारा आकड्यांच्या बेरजेपेक्षाही वाईट अवस्था.

दोन चुका मी इतरांच्या कोडमध्ये वारंवार पाहिल्या आहेत. पहिली: य नाकारला गेल्यावर त्याच थरात पुन्हा प्रयत्न करणं. हे बरोबर वाटतं, पण त्यामुळे ज्या थरांचा कोपरा जास्त वाया जातो त्यांना त्यांच्या वाट्यापेक्षा जास्त आकडे मिळतात. नकार आला की थर निवडण्यापासून सगळं नव्याने. शेपटीत मात्र उलट आहे: एकदा शेपटीत शिरलात की आकडा मिळेपर्यंत तिथेच राहायचं, कारण शेपटीचा पूर्ण वाटा आधीच हिशेबात धरलेला आहे.

दुसरी चूक बिटांची. जुन्या ३२ बिटांच्या कोडमध्ये थर निवडायला आणि आडवी जागा ठरवायला त्याच पूर्णांकाचे तेच बिट वापरले जात. मग कुठल्या थरात आहोत यावरून जागेचे खालचे बिट ठरून जातात, आणि बारकाईच्या चाचण्यांमध्ये हे उघडं पडतं. यर्गेन डॉर्निक यांनी २००५ मध्ये याकडे लक्ष वेधलं. वरच्या कृतीत थराचे ८, चिन्हाचा १ आणि जागेचे ५३ बिट पूर्ण वेगळे ठेवले आहेत. ६४ पैकी दोन बिट उरतातसुद्धा.

तक्त्यांच्या जागेची चिंता नको. दुहेरी अचूकतेत २५६ किमतींचा एक तक्ता सुमारे २ किलोबाइटचा होतो, प्रोसेसरच्या सगळ्यात जवळच्या कॅशमध्ये आरामात बसतो.

पायरी ७: व्यस्त फंक्शन कधी

नॉर्मलचं संचयी फंक्शन (एखाद्या किमतीपर्यंतची एकूण शक्यता देणारं) उलटं वापरायचं, म्हणजे सपाट आकडा आत द्यायचा आणि त्याच्या जागेवरचा नॉर्मल आकडा घ्यायचा. याला नेमकं छोटं सूत्र नाही, पण बहुपदींच्या भागाकाराने उत्तम अंदाज मिळतो. मायकेल विचुरा यांची १९८८ सालची कृती, जी एएस २४१ या नावाने ओळखली जाते, साधारण १६ अंकांपर्यंत बरोबर येते.

झिगुरातपेक्षा हे सहसा हळू. पण एक आत, एक बाहेर हा नियम इथे कधी मोडत नाही, आणि मोठा सपाट आकडा दिला की मोठाच नॉर्मल आकडा येतो. अर्ध-रँडम माळा (मुद्दाम सारख्या पसरवलेल्या आकड्यांच्या) वापरायच्या असतील, किंवा दोन परिस्थितींची तुलना तंतोतंत त्याच रँडम आकड्यांवर करायची असेल, तर हीच वाट धरा. झिगुरात आणि ध्रुवीय पद्धतीत नकार किती येतील ते ठरलेलं नसतं, त्यामुळे दोन माळा काही वेळाने एकमेकींपासून निसटतात.

शेपटीबद्दल इथेही सावध राहा. दशांश संख्या शून्याजवळ फार दाट असतात, एकजवळ विरळ. म्हणून शून्य ते एकमधला आकडा सरळ दिला तर उजवी शेपूट खडबडीत होते. शून्य ते अर्धा एवढाच आकडा काढा, डाव्या शेपटीतली किंमत घ्या आणि चिन्ह वेगळ्या बिटाने ठरवा.

पायरी ८: सरासरी आणि पसारा लावा

हवी ती सरासरी आणि प्रमाण विचलन मिळवायला नॉर्मल आकड्याला प्रमाण विचलनाने गुणा आणि सरासरी मिळवा. एवढंच. घोळ होतो तो प्रमाण विचलन आणि प्रचरण यांत. सी प्लस प्लस, आर आणि नमपाय तिघांनाही प्रमाण विचलन हवं असतं, तर जॅग्ससारखी बेजियन संख्याशास्त्राची साधनं प्रचरणाचा व्यस्त मागतात. किंमत १ असताना प्रमाण विचलन, प्रचरण आणि त्याचा व्यस्त हे तिन्ही सारखेच, म्हणून चाचणी नेहमी १ सोडून दुसऱ्या किमतीवर करा.

पायरी ९: तपासा, आणि शेपूट मोजा

दहा लाख आकडे काढा. सरासरी शून्यापासून ०.००३ च्या आत असावी, प्रचरण एकपासून ०.००४५ च्या आत. चौथ्या घाताची सरासरी ३ यायला हवी, ०.०३ इकडेतिकडे चालेल. बारा आकड्यांच्या बेरजेत ती २.९ येते, म्हणजे ती बेरीज या एकाच आकड्यावर चाचणीत नापास होते.

मग बाहेर पडलेले आकडे मोजा, डावीकडचे आणि उजवीकडचे वेगवेगळे. दोन्ही मिळून ±२ च्या बाहेर सुमारे ४५,५००, ±३ च्या बाहेर २,७००, ±४ च्या बाहेर ६३. अशा मोजणीत स्वाभाविक चढउतार साधारण त्या संख्येच्या वर्गमुळाएवढा असतो. म्हणून ६३ च्या जागी ५५ किंवा ७२ आले तर घाबरू नका, १७ आले तर थांबा. ±५ च्या बाहेरचं काही सांगायचं असेल तर दहा लाख पुरत नाहीत, तिथे दहा लाखांत सरासरी एकसुद्धा पडत नाही. अब्जभर काढा: ±५ च्या बाहेर सुमारे ५७३ यायला हवेत. झिगुरातच्या कोडसाठी र च्या आसपासचा भागही वेगळा मोजा. ±३.६५४ च्या बाहेर दहा लाखांत सुमारे २५८. शेपटीचं फंक्शन चुकलं असेल तर ते नेमकं या सांध्यावर दिसतं.

वेग मोजताना आलेल्या आकड्यांची बेरीज करा आणि ती शेवटी छापा. नाहीतर कंपायलरला दिसतं की हे आकडे कुणी वापरतच नाही, तो अख्खा लूप काढून टाकतो आणि तुम्हाला अशक्य वाटावा असा वेग मिळतो. खालच्या सपाट जनरेटरचा वेळही स्वतंत्र मोजा. झिगुरातनंतर बहुतेक वेळ तिथेच जात असेल, तर नॉर्मलच्या बाजूने वाचवण्यासारखं फारसं काही उरलेलं नाही.